रेषेबाहेरचे बूट

"मगदूम, हे बूट तुमचेच ना?"

"व्हय साहेब."

"नीट बघून सांगा."

खाटेवर उशीला टेकून बसलेल्या धोंडीराम मगदूमनं बुटांकडे पाहिलंही नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत तो पुन्हा म्हणाला, "माझंच हैत."

मी वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेले बूट त्याच्या समोरच्या स्टुलावर ठेवले होते. तांबडे पोलिसी बूट. पंचनाम्याची चिठ्ठी दोऱ्यानं लटकलेली. टाचा थोड्या झिजलेल्या, पण पुढचा भाग असा चकचकीत की माझं नाक त्यात दिसावं. दोन्ही बुटांत मोजे व्यवस्थित खोचलेले.

"डॉक्टरांनी लिहिलंय, पहारीच्या घावानं उजव्या पंजाची तीन हाडं मोडली. तुमच्या अर्जात लिहिलंय, बंदोबस्तावर असताना जमावानं मारलं. मग बुटाला साधा ओरखडा कसा नाही?"

त्याचा प्लास्टरमधला पाय दोन उशांवर ठेवलेला होता, त्यातून बाहेर आलेली काळीनिळी बोटं तेवढी हलली.

"पायात बूट नव्हते, असंच ना?"

"नव्हते."

"का नव्हते?"

दाराशी त्याची बायको, सुलोचना, चहाचे कप घेऊन उभी होती. ती एकदम म्हणाली, "सांगा की हो एकदाचं! साहेब काय परके हैत?"

"तू आत जा," मगदूम म्हणाला. माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, काय लिवायचं ते लिवा. माझी तक्रार न्हाई."

ज्याची तक्रार नाही त्यानं नुकसानभरपाईचा अर्ज कशाला करावा? मी चहा न पिताच उठलो. उठताना खाटेखाली नजर गेली. तिथं आणखी एक बूट होता. जुना, डाव्या पायाचा, एकटाच, नाडी सुटलेली. त्याच्या शेजारी गजराचं घड्याळ. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खाटेखाली बूट कशाला? तेही मी मनात टिपून ठेवलं.

या गोष्टीला आता तीसेक वर्षं झाली. मी तेव्हा सांगली जिल्ह्यात सहायक निरीक्षक होतो. मूळचा नाशिककडचा. खेळाशी माझा संबंध बंदोबस्तापुरता, तोही मैदानाच्या कडेनं. मला वेड एकच, कीर्तनाचं. कुठं सप्ताह बसला की माझी पावलं तिकडं वळायची. खात्यात मला मागं 'बुवा' म्हणायचे, ते मला ठाऊक होतं आणि त्याचं वाईट कधी वाटलं नाही.

प्रकरण असं होतं. बोरजाईवाडीत गावच्या मंडळानं कबड्डीचे सामने भरवले होते. हौशी संघ, मातीचं मैदान. अंतिम सामन्यात गावच्या चढाईवाल्याचा दम तुटला, असं म्हणून पंचांनी, पेठकर मास्तरांनी, त्याला बाद दिलं. गावची पोरं खवळली आणि मास्तरांवर धावून गेली. बंदोबस्ताला पोलीस दोनच. त्यातला एक होमगार्ड, तो नेमका चहाला गेलेला. उरला मगदूम. गर्दी पांगल्यावर मास्तर आणि मगदूम दोघंही मैदानात पडलेले सापडले. मास्तरांचा हात आणि जबडा मोडलेला, मगदूमचा पाय. दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला, त्यात मगदूमचे बूट मैदानाच्या पश्चिमेच्या रेषेबाहेर सापडले. शेजारी शेजारी ठेवलेले, मोजे आत. देवळाच्या पायरीशी ठेवावेत तसे.

चौकशी माझ्याकडे आली तेव्हा उपअधीक्षक साहेब म्हणाले होते, "हल्ली असले दावे फार यायला लागलेत. सामन्याला जायचं, मजा बघायची, कुठं धडपडलं की जमावानं मारलं म्हणायचं. तुमचा देवावर विश्वास आहे तो ठेवा, अर्जदारावर ठेवू नका. सोमवारी अहवाल टेबलावर पाहिजे."

दावा खरा ठरला तर मगदूमला भरपाई आणि पुढं बसून करायचं काम मिळणार होतं. पाय पुन्हा पहिल्यासारखा होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दावा खोटा ठरला तर भरपाई तर नाहीच, वर खात्याची फसवणूक केली म्हणून नोकरीही जाणार होती. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. हे सगळं मला कळत होतं. पण संशय एकदा मनात शिरला की तो पाहुण्यासारखा राहत नाही, घरमालक होऊन बसतो.

आणि संशयाला खतपाणी घालायला शेळके अण्णा होतेच. संपतराव शेळके, मंडळाचे सेक्रेटरी. पांढरी टोपी, तोंडात सुपारी, बोलणं मधासारखं. पहिल्या भेटीतच त्यांनी मला बाजूला घेतलं होतं.

"मगदूम व्हय? आमच्यातलाच की ओ, साहेब. धा वर्सांमागं आमच्या संघाकडनं खेळायचा. काय पकड होती! घोटा धरला की सुटका न्हाई."

"मग त्या दिवशी?"

"आता मी कशाला कुनाच्या पोटावर पाय देऊ?" त्यांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. "पन तुम्ही इचारताय म्हून. अंतिम सामन्याआदी जुन्या गड्यांचा एक सामना ठेवला होता. गंमत म्हून. जुना गडी, हात शिवशिवतात हो! बूट काढलं आसंल, उतरला आसंल. खेळात लागलं आसंल, आन दंगा झाला तवा तिथंच आडवा झाला आसंल. आसंल म्हनतोय मी."

"खेळात? पहारीनं?"

"मांडवाच्या पहारी तिथंच पडल्या होत्या की. पडला आसंल त्याच्यावर."

सगळं जुळत होतं. बूट नीट काढून ठेवलेले, माणूस जुना खेळाडू, आणि विचारलं की तोंड मिटून बसतोय. मी शनिवारीच अहवालाचा मसुदा केला: अर्जदार कर्तव्य सोडून खेळण्यास उतरला असावा, दुखापत त्यातून झाली असावी, दावा संशयास्पद. फक्त शेळके अण्णांचा लेखी जबाब जोडायचा बाकी होता. त्यांनी रविवारी बोलावलं. "सप्त्याचा शेवटचा दीस हाय. काल्याचं कीर्तन ऐका, परसाद घ्या, मग सही देतो."

काल्याचं कीर्तन म्हटल्यावर मी सकाळी नऊलाच हजर.

बोरजाईच्या देवळापुढं मांडव घातला होता. मी गणवेशातच होतो. मांडवाच्या तोंडाशी खाली बसलो, बूट काढले, मोजे आत खोचले, टोपी हातात घेतली आणि टाळकऱ्यांच्या मागं जाऊन बसलो. एरवी मृदंगावर पहिली थाप पडली की माझं अंग हलकं होतं. बुवा चाल लावतात, टाळकरी ती उचलतात आणि दिवसभराचं ओझं कुणीतरी खांद्यावरून उतरवून घेतल्यासारखं वाटतं. बुवाही रसाळ होते. गोपाळांच्या शिदोऱ्यांचं वर्णन असं रंगवलं की बायाबापड्यांच्या डोळ्यांतून हसता हसता पाणी आलं.

माझं मात्र चित्त लागेना. बुवांनी एका गोपाळाची शिदोरी आधी ताक म्हणून सांगितली आणि नंतर दही, तर मी मनात म्हटलं, जबाबात फरक आहे! स्वतःचीच लाज वाटली. परमेश्वराच्या दारात बसून मी साक्षीपुरावे तपासत होतो. समोर टाळ वाजवणाऱ्या दोन तरण्या पोरांच्या हातावर ओरखड्यांचे वण दिसले, तर ते कशाचे असतील, असंही मनात आलं. ती पोरं माझ्याकडे बघायची टाळत होती. पण गणवेशाकडे बघायचं कोण टाळत नाही?

दहीहंडी फुटली, काल्याचा घास तोंडात पडला, एकमेकांच्या पाया पडून झालं. बूट चढवून मी शेळके अण्णांबरोबर निघालो. मैदान देवळाच्या मागंच होतं.

"चला, जागा दावतो, मग सही करतो," अण्णा म्हणाले.

तांबूस माती, पाणी मारून दाबलेली. सामने होऊन तीन आठवडे झाले होते, तरी चुन्याच्या रेषा पुसट दिसत होत्या. एक म्हातारा हातात खराटा घेऊन पालापाचोळा काढत होता. अनवाणी, अंगात बंडी. हे ज्योती आबा. मैदान राखायचं काम त्यांचं, असं अण्णांनी चालता चालता सांगितलं.

"तर साहेब, जुन्या गड्यांचा सामना सुरू होता," अण्णा बोलत होते. "मगदूम हितनं आत उतरला..." बोलता बोलता त्यांनी पायातल्या वहाणा रेषेबाहेर सोडल्या आणि आत पाऊल टाकलं. बोलणं कुठं तुटलं नाही, नजर खाली गेली नाही. "...आन तिथं, मधल्या रेघेपाशी, पडला."

मी त्यांच्या मागून निघालो.

"ओ साहेब!" खराटा आडवा झाला. "पायताण!"

"काय?"

"पायताण काढा की. माती हाय ती."

आवाजात उद्धटपणा नव्हता. देवळात कुणी चुकून चपला घालून शिरला तर पुजारी जसा ओरडेल, तसं ते ओरडणं होतं. मी ओशाळून मागं सरलो आणि कसलाही विचार न करता रेषेवर खाली बसलो. नाड्या सोडल्या, उजवा बूट काढला, मग डावा. मोजे काढून आत खोचले. दोन्ही बूट शेजारी शेजारी ठेवले.

आणि तसाच हात बुटावर ठेवून बसून राहिलो.

म्हातारा माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "त्यो बी आसाच बसला व्हता. हितंच."

"कोण?"

"धोंडीराम. मास्तरला पोरं मारत व्हती. ह्यो पळत आला, रेघंवर बसला, बूट काढलं आन घुसला आत. मास्तरच्या अंगावर पालथा पडला. तवा पायावर पहार बसली त्याच्या."

"आबा, तुमी गप बसा," अण्णा म्हणाले.

"का गप बसू? साहेबानं इचारलं."

"आबा, तो खेळत नव्हता?" मी विचारलं.

"खेळतोय कशाचा! चार कलाक तिथं उन्हात हुबा व्हता काठी घिऊन. जुन्या गड्यांचा सामना हाय कुठं? पत्रकावर छापला व्हता, पन गडी जमलंच न्हाईत."

"मग हे तुम्ही आधी कुणाला का नाही सांगितलं?"

"मला कुनी इचारलं?" म्हातारा खराट्यावर टेकला. "आन बूट काढल्याचं म्हनाल, तर त्यात सांगायचं काय? मातीत येतानं समदीच काढत्यात. लहानपनापास्नं मीच शिकवलंय पोरांस्नी. बूट घालून गेला आस्ता तर सांगितलं आस्तं."

मी अण्णांकडे वळलो. सुपारी चघळणं थांबलं होतं.

"अण्णा, सही करताय ना?"

"साहेब..." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "गावची पोरं हैत ओ. नावं आली तर जल्माचं नुकसान. त्यातल्या एकाचं तर पोलीस भरतीत नाव लागलंय."

"पोलिसाला पहारीनं मारून तो पोलिसात येणार?"

"रागाच्या भरात झालं," अण्णा हळूच म्हणाले. "मगदूम आमचाच. समजून घिल वाटलं."

"त्याची नोकरी जाणार होती, अण्णा. माझ्या खिशात लिहून तयार आहे."

अण्णा वहाणा घालायला गेले, तर एक वहाण दोनदा पायातून निसटली.

तिथून मी सरळ मगदूमच्या घरी गेलो. दुपार टळत होती. दार उघडंच होतं, आतून सुलोचनाबाईंचा आवाज येत होता, "...एकोनतीस, तीस, एकतीस. झालं. पुरं करा आता."

मी दारात थबकलो. मगदूम खाटेच्या कडेला बसला होता. डाव्या पायातला जुना बूट नुकताच काढून हातात धरलेला. बायकोच्या हातात गजराचं घड्याळ. मला बघताच तो उठायला गेला.

"बसा, बसा. हे काय चाललंय?"

सुलोचनाबाईंनी पदर तोंडाला लावला. "रोजचंच हाय साहेब. बूट घालायचा, काढायचा. मला म्हनायचं, काटा बघ. एका पायाला इतका येळ, तर दोन पायांना किती."

मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसलो. "मगदूम, मी आत्ता मैदानावर बूट काढून आलो. आबांनी काढायला लावले."

त्यानं पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"साहेब," तो म्हणाला, "तुमाला किती येळ लागला?"

"मोजला नाही."

"मी मोजलाय. घाईत केलं तरी मिनिटाच्या वर जातंय. तेवढ्या येळात पैला दगड मास्तरांच्या तोंडावर बसला. माझ्या डोळ्यांदेखत. मी नाडी सोडत व्हतो." त्यानं हातातला बूट खाली टाकला. "डोस्कं चाललंच न्हाई साहेब. रेघ आली आन हात आपोआप नाडीकडं गेलं. मानूस मरायला लागलाय आन मी बूट काढतोय! हे जबाबात लिवून देऊ? भरपाई द्या म्हनून?"

"अर्ज तर तुम्हीच केला."

"ठाण्याच्या रायटरनं लिवला. हिनं सही घेतली. पाय गेला ते बरोबरच झालं, असं वाटतं मला. बूट आस्ता तर वाचला आस्ता. मास्तर बी वाचलं आस्तं आन पाय बी."

शेकडो कीर्तनं ऐकलेला माणूस मी. बुवांची दृष्टांतांची पोतडी मला पाठ होती, पण त्यातला एकही त्या खाटेशी उपयोगाला येईना. मी खिशातला मसुदा काढला, त्याच्यासमोर फाडला आणि म्हटलं, "मला दोन दिवस द्या."

सोमवारी साहेबांकडून मुदत मागून घेतली. "बुवा, विरघळलात वाटतं?" साहेब म्हणाले. मी म्हटलं, "एक साक्षीदार राहिलाय."

पेठकर मास्तर मिरजेला इस्पितळात होते. जबडा तारेनं बांधलेला, बोलता येत नाही, म्हणून त्यांचा जबाब कुणी घेतलाच नव्हता. मलाही ते आधी सुचायला हवं होतं, सुचलं नाही. मंगळवारी सकाळी मी त्यांच्या खाटेशी कागदाचं पॅड आणि पेन्सिल घेऊन बसलो. मोडलेला हात डावा, देवाची कृपा.

"मास्तर, शिपाई मगदूम मैदानात येताना तुम्ही पाहिलात का?"

त्यांनी मान हलवली. हो.

"त्यानं आधी बूट काढले. तेवढ्यात तुम्हाला दगड लागला. खरं?"

पुन्हा मान हलली. मग त्यांनी पेन्सिल मागितली. शाळामास्तरांचं अक्षर, वळण सुटलं नव्हतं. बराच वेळ लिहीत होते. लिहून झाल्यावर खाली सही केली, तारीख घातली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

तो जबाब, आबांचा जबाब आणि शेवटी मान खाली घालून शेळके अण्णांनी दिलेला जबाब, असे तिन्ही जोडून मी अहवाल पाठवला. बूट का काढले होते, किती वेळ लागला, सगळं लिहिलं. काही झाकलं नाही. सात महिन्यांनी आदेश आला. दावा मंजूर झाला, ठाण्यात बसून करायचं कामही मिळालं. त्याच पाकिटात, बंदोबस्तावर बूट काढल्याबद्दल एक लेखी ताकीदही होती. मगदूमनं आधी ताकीद वाचली, मग मंजुरी. पोरांवर खटला झाला आणि भरतीतलं ते नाव गळलं.

पण आदेश यायच्या पुष्कळ आधी, त्या मंगळवारीच, मी मिरजेहून परतताना मगदूमकडे गेलो होतो. मास्तरांनी लिहिलेला कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो उजेडाकडे धरला आणि ओठ हलवत, एकेक शब्द लावत वाचला. मास्तरांनी लिहिलं होतं:

'मी खाली पडलो होतो. बूट-चपला घातलेली माणसं पळताना दिसत होती. कोणी माझ्याकडे येत नव्हतं. मग रेषेपाशी एक शिपाई बसलेला दिसला. तो बूट काढत होता. मी तीस वर्षं पंच आहे. बूट काढणारा माणूस आत येणार, हे मला माहीत असतं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण वाचू.'

त्यानं तो कागद दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचायला घेतला, पण अक्षरं दिसेनात, तसा बायकोकडे दिला. तिनं वाचला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मगदूमनं वाकून खाटेखालचा एकटा बूट बाहेर काढला, त्याची नाडी बोटानं सरळ केली, ती आत सारली.

"सुले," तो म्हणाला, "ते घड्याळ जाग्यावर ठेव. आन साहेबांस्नी चहा कर. त्या दिवशी तसंच गेलं ते."